पिवळे कुठे गेले?

अंड्यातल्या पिवळ्या भागाला मराठीत स्वतःचे नाव आहे : बलक. पांढऱ्या भागाला तसे नाव नाही. बोलताना आपण 'अंड्यातले पांढरे' म्हणतो, म्हणजे विशेषणालाच नामाच्या पाटावर बसवून वेळ मारून नेतो. वर्तमानपत्रांतल्या पाककृतींत 'पांढरा बलक' असा प्रयोग आढळतो. बलक म्हणताच ज्याच्या डोळ्यांपुढे पिवळा रंग येतो त्याला तो खटकल्याशिवाय राहत नाही. शास्त्रीय लेखनात 'अल्ब्युमेन' येतो, पण त्याचाही लॅटिनमधला मूळ अर्थ 'पांढरे' एवढाच. शब्दांच्या मागे लागण्याची सवय असली तरी हा प्रश्न आमच्यापुढे कोशाच्या निमित्ताने आलेला नाही. गेली तीन वर्षे आमच्या घरच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे, हे अनामिक पांढरे पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून आहे. त्याला नाव नव्हते म्हणूनच ते आमच्या उंबऱ्याच्या आत येऊ शकले, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

घर त्र्यंबकेश्वरात आहे, हे सांगितल्याशिवाय या वाक्याचे वजन लक्षात यायचे नाही. कुशावर्तापासून हाकेच्या अंतरावरचा जुना वाडा आणि तीर्थोपाध्यायाचे घराणे. आमचे वडील (त्यांना आम्ही उभयता अण्णाच म्हणतो) चाळीसहून अधिक वर्षे नारायण नागबळी आणि त्रिपिंडी श्राद्ध सांगत आले. देशभरातून यजमान येतात, तीन दिवस राहतात, कणकेच्या नागावर अंत्यसंस्कार करतात आणि कधी काळी कोणाच्या हातून घडलेल्या, बहुधा ठाऊकही नसलेल्या पापाच्या ओझ्यातून मोकळे होऊन परततात. या गावाची स्थापनाच मुळी अशा एका नकळत घडलेल्या हत्येवर झालेली आहे. गौतम ऋषींनी शेतात शिरलेल्या गायीला दर्भाच्या काडीने हुसकले, गाय मेली, आणि त्या पातकाच्या क्षालनासाठी ब्रह्मगिरीवर गोदावरी उतरली, अशी कथा आहे. ज्या गावात दर्भाच्या काडीचाही हिशोब द्यावा लागला, त्या गावातल्या एका उपाध्यायाच्या घरात अंड्याचा प्रवेश कसा झाला, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात अण्णांची मूत्रपिंडे थकली. मधुमेह जुना होता. आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस चार तास, असे डायालिसिस नाशिकला सुरू झाले. आम्ही दोघेही नाशिकच्याच एका महाविद्यालयात शिकवतो, एक मराठी आणि एक संस्कृत. सुमारे २८ किलोमीटरचा तो रस्ता आमच्या रोजच्या पायाखालचा. आता त्यावर अण्णाही आले. दुसऱ्या महिन्यात रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हांला समोर बसवून घेतले आणि एक हिशोब मांडला. मूत्रपिंडे अधू झालेली असताना जी प्रथिने जपून खायची असतात, तीच डायालिसिस सुरू झाल्यावर वाढवावी लागतात, कारण यंत्रातून रक्त फिरताना दर खेपेस काही ग्रॅम अमिनो आम्लेही वाहून जातात. अण्णांचे वजन ५२ किलो. किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम धरले तर दिवसाला ५२ ते ६५ ग्रॅम प्रथिने हवीत. ती डाळी, दूध आणि पनीर यांतून घ्यावीत, तर त्यांच्याबरोबर फॉस्फरस आणि पोटॅशियम येते, आणि नेमके तेच बाहेर टाकणे अण्णांच्या शरीराला जमत नव्हते. तपासणीच्या कागदावर 'सीरम अल्ब्युमिन' या ओळीपुढे २.९ हा आकडा होता. तो निदान ३.५ असायला हवा. बाईंनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "रोज सहा अंड्यांचं पांढरं. पिवळं नाही. तुमच्या घरचं मला कळतंय, पण दुसरं इतकं स्वच्छ काही माझ्याकडे नाही."

'स्वच्छ' हा त्यांचा शब्द आमच्या मनात बराच काळ राहिला. त्यांच्या शास्त्रात तो खराही होता. एका अंड्याच्या पांढऱ्यात सुमारे साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात, स्निग्धांश जवळजवळ नसतो, आणि अंड्यातला बहुतेक सगळा फॉस्फरस पिवळ्याच्या वाट्याला गेलेला असतो. अंड्यातले अल्ब्युमेन काही थेट रक्तात जाऊन अल्ब्युमिन होत नाही. ते पचते, त्याची अमिनो आम्ले होतात आणि यकृत त्यांतून स्वतःचे अल्ब्युमिन घडवते. पण दोन्ही शब्दांचे मूळ एकच, आणि त्या कागदाकडे पाहताना आम्हांला राहून राहून असे वाटत होते की एक पांढरे कमी पडले आहे आणि ते भरून काढायला दुसरे पांढरे मागितले जात आहे.

घरी आल्यावर हा हिशोब माईपुढे, म्हणजे आमच्या आईपुढे, ठेवला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. पापपुण्याविषयी ती एक अक्षर बोलली नाही. ती एवढेच म्हणाली, "टरफल बाहेर जाताना कोणी पाहिलं तर?" या प्रश्नात सगळे गाव होते. आमच्या गल्लीतल्या कचऱ्याला डोळे आहेत. अण्णांच्या मागे आमचा चुलतभाऊ आता पूजा सांगतो, त्याचे यजमान वाड्यातच उतरतात, आणि विधीच्या तीन दिवसांत काय खावे आणि काय वर्ज्य करावे हे त्यांना सांगण्याचा अधिकार याच घराचा. सहा अंडी म्हणजे सहा टरफले. शिवाय सहा बलक, जे घरातले कोणी खाणार नाही आणि जे मोरीत ओतणे म्हणजे अन्नाचा अपमान. त्या रात्री आम्ही तिघे माजघरात बसून कवच आणि बलक यांची विल्हेवाट कशी लावावी याची चर्चा करत होतो. मधला भाग तेवढा सगळ्यांना मान्य झालेला होता, हे आमच्या नंतर लक्षात आले.

तेव्हा खोके आले. नाशिकच्या एका मोठ्या दुकानात, दह्याच्या कप्प्याशेजारी, ते मिळाले. अर्धा लिटर, म्हणजे साधारण १५ अंड्यांचे पांढरे. आत काय आहे याचे चित्र एका कोपऱ्यात; बाकी सगळे ताकाच्या नाहीतर फळांच्या रसाच्या खोक्यासारखे. अंडी यंत्राने फोडून पांढरे वेगळे काढतात, ते गाळतात, आणि ६० अंश सेल्सियसच्या खालीच काही मिनिटे तापवून निर्जंतुक करतात. त्यापुढे गेले तर ते गोठू लागते, म्हणून ही कसरत. अशक्त माणसाला जंतुसंसर्गाचे भय अधिक, म्हणून डॉक्टरांनाही टरफलाच्या अंड्यापेक्षा हेच बरे वाटले. मात्र ते कच्चे न घेता शिजवूनच घ्यावे, असे त्यांनी बजावले. आम्ही थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या घेतल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा आमच्यापैकी एक जण एस.टी.त तो डबा मांडीवर घेऊन बसतो. शेजारचा प्रवासी विचारतो, "औषध आहे का?" आम्ही 'हो' म्हणतो. हे खोटे नाही. पण हे उत्तर देताना आमची मान आपोआप खिडकीकडे वळते.

स्वयंपाकाविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण आमच्यासारख्या पुस्तकी माणसांनी ही गोष्ट प्रथम हातांनी शिकली. खोक्यातून वाटीत ओतलेले हे द्रव्य पांढरे नसतेच. ते किंचित पिवळसर, पारदर्शक, साबुदाणा भिजवलेल्या पाण्यासारखे दिसते. तव्यावर पडल्यावर ते पांढरे होते. मागच्या पडवीत आम्ही एक जुनी शेगडी मांडली, तवा, उलथने, वाटी अशी वेगळी भांडी केली. पहिल्या दिवशी कडक तापलेल्या तव्यावर ओतले, आणि हाती आले ते रबराचा तुकडा शोभेल असे काही. प्रथिनांना ताप अधिक झाला की ती आवळतात आणि स्वतःतले पाणी पिळून बाहेर टाकतात, हे पुढे वाचनात आले. मग मंद आच, वर झाकण, आणि कडा सुटू लागल्या की लगेच उतरवणे, हे जमले. उकडीत घातले तेव्हा गुठळ्या झाल्या. आधी गार पाण्यात कालवून मग हळूहळू ओतावे लागते. कणीक पाण्याऐवजी त्यात मळली तर पोळ्या चिवट झाल्या. निम्मे पाणी, निम्मे पांढरे, असे केल्यावर चालून गेल्या. शेवटी टिकले ते तांदळाच्या पिठाचे धिरडे. वाटीभर पीठ, त्यात सहा अंड्यांइतके म्हणजे १८० मिलिलिटर पांढरे, लागेल तसे पाणी, जिरे; दहा मिनिटे झाकून ठेवायचे आणि मंद आचेवर घालायचे. मीठ जवळजवळ नाहीच, कारण तेही अण्णांना मोजून.

इथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. आमच्याकडे, म्हणजे महाराष्ट्रातल्या असंख्य शाकाहारी घरांत, 'टोमॅटो ऑम्लेट' नावाचा एक पदार्थ पिढ्यान्पिढ्या होत आला आहे. डाळीचे पीठ, टोमॅटो, कांदा, मिरची. अंड्याचा मागमूस नाही. ज्याला हातही लावायचा नाही त्याच्या नावाने पदार्थ करून तो चवीने खायचा, ही आमच्या मध्यमवर्गाची खास प्रतिभा. अण्णांना हे ऑम्लेट फार प्रिय होते. आता पोटॅशियममुळे टोमॅटो वर्ज्य झाला आणि प्रथिनांमुळे अंडे आले. म्हणजे आयुष्यभर अण्णांनी अंड्याविना ऑम्लेट खाल्ले, आणि खरे ऑम्लेट पानात पडले तेव्हा त्यातला टोमॅटो गेलेला होता, आणि त्याला आम्ही धिरडे म्हणत होतो.

अण्णांना आम्ही सांगितले नव्हते. हे वाक्य लिहिणे जड जाते. पहिले पंधरा दिवस ते धिरडे 'डॉक्टरांनी दिलेल्या पावडरीचे' होते. माईला हे पसंत नव्हते, पण तिने विरोधही केला नाही. आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना कथनातल्या निवेदकाच्या विश्वासार्हतेविषयी शिकवत होतो, आणि घरी येऊन एका वृद्ध माणसाच्या पानात खोटे वाढत होतो. सोळाव्या दिवशी अण्णांनी धिरड्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. म्हणाले, "तांदळाचं धिरडं दुमडलं की मोडतं. हे वाकतंय, पण मोडत नाही. चौथ्या दिवशीच कळलं मला. तुम्ही कधी सांगता, याची वाट पाहत होतो."

आम्ही गप्प राहिलो. अण्णांनी आमच्यापैकी संस्कृत शिकवणाऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "उषस्ति चाक्रायण वाचलायस ना?" छांदोग्य उपनिषदातली ही कथा आम्ही दोघांनीही वाचलेली होती, पण अण्णांनी ती पानावर बसून पुन्हा सांगितली. कुरू देशात पिकाचा नाश झाला. उषस्ति आपल्या बायकोसह हत्तीवाल्यांच्या गावात येऊन पडला. एक जण कुल्माष, म्हणजे हलके, गरिबाचे धान्य, खात होता. उषस्तीने मागितले. तो म्हणाला, माझ्यापाशी हे उष्टेच तेवढे आहे. उषस्तीने ते घेतले आणि खाल्ले. मग त्या माणसाने पाणी पुढे केले, तर उषस्ति म्हणाला, नको, ते उष्टे आहे. धान्यही उष्टेच होते की, असे त्याने म्हटल्यावर उषस्तीने दिलेले उत्तर असे : ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला हवे तिथे मिळेल.

"लोकांना यातली पहिली निम्मी गोष्ट आवडते," अण्णा म्हणाले. "आपद्धर्म आहे, खा. पण गोष्ट आहे ती पाण्याची. गरज कुठं संपते ते ज्याला कळतं, त्यालाच आपद्धर्म सांगता येतो." मग त्यांनी आम्हांला दोन अटी घातल्या. एक, यापुढे घरात लपवाछपवी नाही. दोन, याला चव आणायची नाही. मिरी नाही, फोडणी नाही, कोथिंबीर नाही. "जगायला घेतोय. आवडायला लागलं तर ते पाणी झालं." त्या दिवसापासून जिरेही बंद झाले. आहारतज्ज्ञ बाईंना आम्ही हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, असे आम्हांला वाटले. तोंडाची चव गेलेल्या रुग्णांना हे घशाखाली उतरवता येत नाही, म्हणून त्या इतरांना मिरी आणि लिंबू सुचवत असत.

माईच्या अटी काही नव्हत्या, आणि म्हणून तिच्याशी बोलणे अवघड होते. ती पडवीत येत नसे. धिरडे आम्ही करायचे, ताटलीत आम्ही वाढायचे, ताटली आम्हीच घासायची. अण्णा जेवत तेव्हा ती देवघरात असे.

२०२३ च्या श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी डायालिसिसचा दिवस आला. हा ब्रह्मगिरीच्या फेरीचा दिवस. आदल्या रात्रीपासून डोंगराला प्रदक्षिणा घालणाऱ्या लोकांचा पूर गावातून वाहत असतो. आम्ही पहाटेच अण्णांना घेऊन निघालो होतो. परतताना गावाबाहेरच गाडी सोडावी लागली. पाऊस पडत होता. एका ओळखीच्या दुकानातून चाकांची खुर्ची मिळाली, आणि भिजलेल्या, नामघोष करणाऱ्या गर्दीतून आम्ही अण्णांना ढकलत आणले. डायालिसिसनंतर त्यांचा रक्तदाब उतरायचा. त्या दिवशी तो फारच उतरला होता, अंगाला कंप होता. आयुष्यात श्रावणी सोमवार त्यांनी कधी मोडला नव्हता, आणि त्या दिवशीही सकाळपासून काही घेतलेले नव्हते. वाड्याच्या पायरीशी आलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. आत पाऊल टाकले, तर माई स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या शेगडीपाशी होती. पडवीतला तवा ओट्यावर आला होता, शेजारी फ्रिजमधले खोके उघडे होते, आणि तव्यावर धिरडे होते. आम्ही काही विचारण्याआधी ती म्हणाली, "पडवीत पाणी शिरलंय."

पडवीत पाणी शिरलेले नव्हते. अण्णांनी दोन धिरडी खाल्ली. त्यांत जिरे होते, कोथिंबीरही होती. अण्णांना ते कळले असणारच. पण ते काही बोलले नाहीत, आणि आम्हीही नाही. दुसऱ्या दिवसापासून पडवीतली शेगडी कायमची बंद झाली.

साहित्याच्या माणसाला अशा वेळी शब्द सुचतात, आणि त्यांचा मोह आवरत नाही. आम्ही राहतो तो डोंगर ब्रह्मगिरी. ब्रह्मांड या शब्दात अंडे उघडच बसलेले आहे, पण त्याचा उच्चार करताना कोणालाही विटाळ वाटत नाही. त्याच छांदोग्यात सृष्टीच्या आरंभी एक अंडे येते. ते फुटते, त्याची एक कवची रुप्याची आणि एक सोन्याची होते. रुप्याची ती पृथ्वी, सोन्याची ते आकाश. द्विज हा शब्द ब्राह्मणाला लागतो तसा पक्ष्यालाही लागतो, कारण पक्षी एकदा अंड्याच्या रूपाने जन्मतो आणि पुन्हा अंड्यातून. ज्या गावात पिंडदान हा व्यवसाय आहे तिथे 'जे पिंडी ते ब्रह्मांडी' ही म्हण उठता-बसता ऐकू येते. संस्कृतात आमच्या पूर्वजांनी अंड्याला विश्वाचे मूळ केले, आणि मराठीत त्याच्या टरफलाला घाबरले. आम्ही या सगळ्यावर एक छानसा व्युत्पत्तिपर लेख लिहिला असता आणि मोकळे झालो असतो. तसे झाले नाही, ते आमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींमुळे.

मावशी तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावरून येतात. रिकामे खोके आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून परत नाशिकला नेऊन टाकतो. एके दिवशी ते मोरीपाशी राहून गेले. मावशींनी त्यावरचे चित्र पाहिले आणि हे काय आहे असे विचारले. लपवाछपवी नाही ही अट घरापुरती होती, की मावशीही घरातल्याच, याचा आम्ही क्षणभर विचार केला आणि खरे ते सांगितले : अंड्यातले पांढरे, नुसते पांढरे, १५ अंड्यांचे. मावशींना त्यात लपवण्यासारखे काही दिसले नाही. त्यांना पडलेला प्रश्न वेगळाच होता. खोके हातात घेऊन त्या म्हणाल्या, "आन् मंग पिवळं कुठं गेलं?"

आम्हांला उत्तर ठाऊक होते. पिवळे वाया जात नाही. ते बेकरीकडे जाते, मेयोनेजच्या कारखान्यांकडे जाते, वाळवून त्याची भुकटी होते. ते आम्ही सांगितले. मावशींनी मान डोलावली, पण त्यांचे समाधान झाल्याचे दिसले नाही. त्यांचा नातू अंगणवाडीत जातो. २०१५ मध्ये राज्याच्या आदिवासी भागांत अब्दुल कलामांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू झाली, ती गरोदर आणि स्तनदा मातांच्या एका वेळच्या जेवणासाठी. २०१६ पासून तिच्यात सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार वेळा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळी, असा भाग जोडला गेला. मावशी म्हणाल्या, "आमचं पोरगं आधी पिवळंच खातं. पांढरं मागं ठेवतं, मग त्याची माय खाती." बाळाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. लोह, अ आणि ड जीवनसत्त्वे, स्निग्धांश, वाढत्या मेंदूला लागणारे ते सगळे पिवळ्यात आहे. अण्णांना जे बाधते तेच त्या मुलाला हवे आहे.

त्या दिवशी आम्हांला आमच्या 'स्वच्छ' या शब्दाची लाज वाटली. आजार हे एक कारण होते, आणि ते खरेच होते. पण खोके आमच्या घरात ज्या सहजतेने रुळले त्याचे दुसरे कारणही तितकेच खरे होते. त्याला कवच नव्हते, गंध नव्हता, रंग नव्हता. ते कोठून आले हे विसरता येत होते. कोंबडी, खुराडे, फोडणारे हात आणि उरलेला बलक, हे सगळे दुसऱ्या कोणीतरी, दूर कुठेतरी निस्तरलेले होते. मराठीत आमच्या वर्गाला पांढरपेशा म्हणतात. आपल्याला हवे तेवढे पांढरे वेगळे काढून मिळावे आणि बाकीचे नजरेआड व्हावे, ही त्या पेशाची जुनीच सोय आहे. पाठ्यपुस्तकातही आम्ही तेच करतो. दलित आत्मकथनातली भूक शिकवतो, आणि त्या भुकेने काय काय खाल्ले याचे परिच्छेद 'वेळेअभावी' गाळतो.

मावशींचा प्रश्न रात्री अण्णांना सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शाळांच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले होते. त्यावरून वाद झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा शासकीय निधी बंद झाला. ज्या शाळांना द्यायची असतील त्यांनी लोकसहभागातून द्यावीत, असे ठरले. मावशींची नात पाड्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. ही बातमी वाचल्यावर अण्णांनी आम्हांला हाक मारली आणि विचारले, "शाळेत मुलं किती?" मुले चाळीसच्या आत होती. त्यांनी मनाशी हिशोब केला आणि म्हणाले, "माझ्या ठेवीच्या व्याजात बसतंय." ती ठेव दक्षिणेची आहे. नागबळीची, त्रिपिंडीची, चाळीस वर्षांची.

आम्ही त्यांना म्हटले की यजमानांनी ज्या श्रद्धेने ते पैसे दिले, तिचा विचार करायला हवा. अण्णांनी उत्तर दिले ते असे : "दक्षिणा हातात आली की ती माझी. तिचं काय करतो याचा जाब मला विचारला जाईल, त्यांना नाही." शाळेतून निरोप आला की वाद नको, सरसकट केळी द्यावीत. अण्णांनी उलट निरोप पाठवला : जे मूल अंडे खात नाही त्याला केळे द्या, जे खाते त्याला अंडेच द्या, आणि अख्खे द्या. निरोप घेऊन आम्ही गेलो. दर बुधवारी ती अंडी उकडली जातात. देणाऱ्याचे नाव शाळेत लिहिलेले नाही, आणि आमच्या गल्लीत अजून कोणाला हे ठाऊक नाही. खोके अजूनही आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळूनच नाशिकला नेतो. चुलतभावाचे यजमान वाड्यात उतरतात तेव्हा माई धिरडे दार लोटून घालते. म्हणजे घरातली लपवाछपवी संपली, गावापुरती चालू आहे. आणि त्याबाबतीत आम्ही धीट आहोत असा आव या लेखात आणणे बरे नव्हे. अण्णांनी लिहायला परवानगी दिली, तीही नाव न घालण्याच्या अटीवर.

अण्णांचे अल्ब्युमिन आता ३.६ आहे. ते पुन्हा सकाळी ओसरीवर बसून पाठ म्हणतात, आणि डायालिसिसच्या दिवशी वाटेत आमच्याशी वाद घालतात.

राहिला नावाचा प्रश्न. आम्ही दोघांनी 'शुभ्रक' पासून 'श्वेतद्रव' पर्यंत बरेच काही सुचवून पाहिले; घरात कोणी ते तोंडात घेतले नाही. परवा सकाळी कॉलेजला निघताना माईने आतूनच हाक मारली, "येताना अण्णांचं आणा. कालच संपलंय." आम्ही डब्यात बर्फाच्या पिशव्या ठेवल्या आणि निघालो.